अकरा फुटी कणगीचे दहा महिने

अर्जात एक रकाना होता: 'कलाकृतीचे अपेक्षित आयुष्य (वर्षांत)'. मी तिथे 'पाच महिने' लिहिलं. ऑफिसातल्या काकांनी अर्ज वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. "ताई, वर्षांत लिहायचंय." मी म्हटलं, "काका, याला वर्ष होणारच नाही. पावसाच्या आधी उतरवायचंय." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग शेजारी कंसात 'तात्पुरती' असं लिहा, नाहीतर समितीत अडेल."

ही ५ ऑगस्ट २०२४ची गोष्ट. बांबू, पेंढा, माती आणि शेण यांची अकरा फूट उंच कणगी, म्हणजे धान्य साठवायची विणलेली कोठी, मला एका ट्रस्टच्या बागेत उभी करायची होती. माणूस आत जाऊन उभा राहू शकेल एवढी. असं काम सार्वजनिक जागी करायचं तर कुठून सुरुवात करायची, कोणते कागद लागतात, किती पैसे जातात, हे सांगणारं मला तेव्हा कोणी भेटलं नाही. आता सगळं आटोपलंय, म्हणून तारखांसकट लिहून ठेवते. कुणाला तरी उपयोग होईल.

कणगीच का, ते आधी सांगते. त्याआधीची सात-आठ वर्षं मी फायबरची शिल्पं करत होते. जून २०२४ मध्ये माझं एक जुनं काम एका सोसायटीने काढून टाकलं आणि 'घेऊन जा' म्हणून फोन केला. भंगारवाल्याने हात लावला नाही. काचतंतू आणि रेझिन एकदा एकमेकांत घट्ट बसले की वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत, म्हणून त्याला काही भाव नाही. टेंपोत घालून ते मी स्वतः कचरा डेपोपर्यंत नेलं. परतताना मनात एवढंच होतं की पुढचं काम मातीत जाईल असंच करायचं.

त्याच महिन्यात मुळशीत मामाकडे गेले होते. माळ्यावर मामीची जुनी कणगी उपडी पडलेली दिसली. बुरुडाने विणलेली, बाहेरून शेणामातीने लिंपलेली, एका बाजूने फुटलेली. मामी म्हणाली, तिच्या सासूच्या वेळेला घरात अशा चार होत्या, भाताच्या दोन, नाचणीची एक आणि वरईची एक. आता पत्र्याची कोठी आहे. मी त्या फुटक्या जागेतून आत डोकं घातलं. रिकाम्या कणगीतही भाताचा वास होता. बाकीचं सगळं तिथेच ठरलं.

परवानगीचं आधी सांगते, कारण वेळ तिथेच जातो. जागा ट्रस्टची होती. समितीची बैठक गणपतीनंतरच होणार होती, त्यामुळे उत्तर यायला २६ सप्टेंबर उजाडला. उत्तरात चार अटी होत्या: स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला, पाहणाऱ्यांना इजा झाली तर त्यासाठी विमा, आणि दहा हजार रुपये अनामत. ट्रस्ट पन्नास हजार देणार होता, अर्धे करार झाल्यावर आणि अर्धे काम पूर्ण झाल्यावर. करार १२ नोव्हेंबरला झाला. शंभरच्या स्टॅम्पपेपरची सवय होती, पण ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा करारांना १०० आणि २०० च्या जागी ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क झालं, ते मला दुकानात गेल्यावर कळलं. नोटरीचे तीनशे वेगळे.

इंजिनियर मिळायला सर्वात जास्त त्रास झाला. तिघांनी नाही म्हटलं. बांबूच्या कामावर सही करायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यांची भीती मला समजते. चौथ्याकडे जाताना मी थोडा अभ्यास करून गेले. राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूसाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि बांबूच्या बांधकामासाठी भारतीय मानकही आहे, आयएस १५९१२. ते समोर ठेवलं तेव्हा ते बसून बोलायला तयार झाले. त्यांनी सहा हजार घेतले, पण दोनदा गावी येऊन काठ्या स्वतः तपासल्या. तुम्हाला असं काही करायचं असेल तर इंजिनियरकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. मानक आणि एक छोटं मॉडेल, दोन्ही घेऊन जा.

बांबू मामाच्याच बांधावरचा, मेसकाठी. गावात अजून अवसेच्या तोंडावर बांबू तोडतात, भुंगा कमी लागतो म्हणतात. आम्ही दिवाळीच्या अमावास्येआधी २९ आणि ३० ऑक्टोबरला चाळीस काठ्या तोडल्या. कोवळी काठी घ्यायची नाही. तीन-चार वर्षांची काठी कशी ओळखायची ते मामाने दाखवलं. तिचा हिरवा रंग फिका पडून त्यावर पांढुरके डाग आलेले असतात, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकली की टणक आवाज येतो. कोवळी काठी बद्द वाजते.

बांबूला भुंगा लागतो तो आतल्या पिठूळ सत्त्वासाठी. ते सत्त्व हे त्याचं अन्न. बाजारात बांबू टिकवायला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवतात, आणि त्याने काम खरंच चांगलं होतं. पण बोरॉन मातीत जास्त झालं तर झाडांना बाधतं, आणि मला ही कणगी शेवटी बागेच्या मातीत मिसळायची होती. म्हणून जुना मार्ग धरला. काठ्यांवर दगड ठेवून त्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यात तीन आठवडे बुडवून ठेवल्या. सत्त्व हळूहळू पाण्यात उतरतं. २१ नोव्हेंबरला काढल्या तेव्हा त्यांना असा कुजकट वास येत होता की टेंपोवाल्याने आधी नकोच म्हटलं. सावलीत उभ्या करून दहा-बारा दिवस वाळवल्यावर वास गेला. चाळीसपैकी तीन काठ्यांना पुढे भुंगा लागलाच. पाच महिन्यांच्या कामाला तेवढं चालतं. दहा वर्षांच्या घराला चालणार नाही, ते ध्यानात ठेवा.

वाहतुकीबद्दल सगळे विचारतात, म्हणून लिहिते. जंगलाबाहेर, शेतात वाढलेला बांबू २०१७च्या शेवटी आधी वटहुकमाने आणि मग कायद्यातल्या दुरुस्तीने 'झाड' या व्याख्येतून निघाला. त्यामुळे तोडायला आणि न्यायला वन खात्याचा पास लागत नाही. तरी मी मामाच्या सातबाऱ्याची प्रत आणि ग्रामपंचायतीचं पत्र टेंपोत ठेवलं होतं. वाटेत एकदा विचारणा झाली, कागद दाखवले, दोन मिनिटांत गाडी सोडली.

आता पेंढ्याचं. इथे मी सर्वात जास्त शिकले.

मला लांब पेंढा हवा होता. पिळून दोर वळायचा, वरचं छप्पर शाकारायचं, तर काडी चांगली हातभर तरी हवी. गावात पेंढा भरपूर होता, पण आखूड. सगळीकडे इंद्रायणी. हा वाण १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आला, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. आयआर ८ बुटका, म्हणून त्याच्या वंशातलं भातही कमी उंच आणि वाऱ्याने न लोळणारं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच झालं, दाणा वाढला, नुकसान कमी झालं. पण जुना आंबेमोहोर उंच वाढायचा, लोळायचा, आणि त्याची काडी लांब निघायची. काडी आखूड झाली तशा पेंढ्याच्या दोऱ्या, चुंबळी आणि शाकारणी या कामांची गरजही कमी होत गेली. ताटातला भात बदलला की दारातली दोरीसुद्धा बदलते, हे मला तिथे त्या खळ्यावर दिसलं.

शेवटी पलीकडच्या वाडीतल्या एका आजोबांकडे दोन गुंठे आंबेमोहोर मिळाला. ते स्वतःच्या खाण्यापुरता लावतात. कापणी हाताने, विळ्याने, अगदी जमिनीलगत. त्यांना दर ठरवायला सांगितला तर म्हणाले, पैसे नको. "पेंढा जनावरांचा आहे." मामाही तेच म्हणाला, जरा कडक आवाजात. "गुरांच्या तोंडचं काढून तू ते लोकांना बघायला उभं करणार? चैत्र-वैशाखात काय घालू त्यांना?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी आले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. नैसर्गिक साहित्य म्हणजे कुणाचंच काही न घेणारं साहित्य, असं मी गृहीत धरलं होतं. पंजाबात यंत्राने कापलेल्या शेतात पेंढा उभा जळतो, तिथली गोष्ट वेगळी. मुळशीत काडीचा तुकडाही गोठ्यात जातो. शेवटी आम्ही असं ठरवलं: चिखलात मिसळायला मामाच्या उडवीतला (पेंढ्याच्या गंजीतला) तळाचा, दोन वर्षांचा काळपट पेंढा घ्यायचा, जो गुरं खात नाहीत. लांब पेंढा फक्त छपराला आणि दाराच्या कडेला. आणि त्याच्या बदल्यात मी बाजारातून ज्वारीचा कडबा आणून द्यायचा, दीडशे पेंढ्या, अर्ध्या आजोबांना आणि अर्ध्या मामाला. पंचवीस रुपयांच्या दराने ३,७५० रुपये झाले. सबंध कामात हा खर्च मला सर्वात जास्त पटला.

पेंढ्याची शिल्पं म्हटलं की जपानमधल्या निगाताच्या शिल्पांची छायाचित्रं डोळ्यांसमोर येतात. तिथे २००८ पासून मुसाशिनो आर्ट युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी आणि गावकरी मिळून भाताच्या पेंढ्याचे प्रचंड प्राणी उभे करतात. आत लाकडी सांगाडा, वर पेंढ्याच्या विणलेल्या चटया. मी ती कितीतरी वेळा मोठी करून पाहिली होती. पण ते काम कापणीनंतर, गावातल्या गावात होतं. माझी कणगी शहरात येणार होती आणि उन्हाळा पाहणार होती, म्हणून तिला मातीचा लेप हवाच होता.

लेपाचे नमुने मी ऑक्टोबरच्या परतीच्या पावसातच करून पाहिले होते. तट्ट्याचे (बांबूच्या विणलेल्या चटईचे) नऊ तुकडे, नऊ मिश्रणं. सगळ्यांत माती आणि तूस, म्हणजे भाताची टरफलं होती. काहींत शेण, काहींत भिजवून वाटलेली मेथी, काहींत चिंचोक्याची खळ, काहींत चुना. मेथी यासाठी की कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करताना आजी मेथी घालायची, लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही म्हणायची. माझ्या नमुन्यात मात्र बंद खोलीत पाचव्या दिवशी मेथीवर पांढरी लव आली. टोपली उन्हात वाळते. तीन इंची लेप आतून आठ दिवस ओला राहतो, तेवढ्यात बुरशी जेवून घेते. चिंचोक्याची खळ सर्वात सरस ठरली. धनगर घोंगडीला हीच खळ देतात, त्याने ती ताठ होते आणि पाणी लवकर शिरत नाही. खळ घातलेला तुकडा मी नळाखाली अर्धा तास धरला. पाणी गढूळ आलं, पण लेप सुटला नाही. शेवटी ठरलेलं मिश्रण असं: माती चार घमेली, तूस दोन, शेण एक, बारीक कापलेला जुना पेंढा हाताने अंदाजे, आणि भिजवायला चिंचोक्याची पातळ खळ. खळ शेवटच्या थरातच घातली, आतल्या थरांत नाही. चिखल दहा दिवस आंबवून मग पायाने तुडवला. आंबलेला चिखल वासाला वाईट, पण हाताला लोण्यासारखा लागतो आणि वाळताना भेगा कमी पडतात.

२ डिसेंबरला काम सुरू झालं. विणकामासाठी एक बुरूड काका आणि त्यांचा पुतण्या आले. बारा दिवसांची मजुरी काकांची हजार आणि पुतण्याची सहाशे रोज. काकांनी माझं चित्र पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "पोट इतकं बाहेर काढलं तर कामटी मोडेल. कणगी खाली अरुंद, मध्ये भरलेली, वर पुन्हा आवळलेली. भरलेल्या भाताचा रेटा जसा बसतो तसा आकार." मी चित्र बदललं. उभ्या काठ्या जमिनीत न पुरता दगडी जोत्यावर ठेवल्या, वाळवीसाठी. जोत्याच्या भोवती राखेचा पट्टा. कामट्या काढताना काकांचा अंगठा कोयत्याच्या पात्याच्या पुढे-पुढे सरकत जायचा आणि काठी आपण होऊन उलगडल्यासारखी दुभंगायची. एका काठीच्या आठ, आठाच्या सोळा. सुतळी किंवा तार लावायचीच नाही, असं आमचं ठरलं होतं. जिथे बांधायचं तिथे काथ्या.

लिंपण आम्ही बायकांनी केलं. मामी, तिच्या दोन जावा आणि मी. मामीने पहिल्याच दिवशी माझ्या हातातला थापा काढून घेतला. "हाताने लाव. थाप्याला कळत नाही कुठं पोकळ राहिलंय." तीन थर. दोन थरांत चार-चार दिवस.

आगीच्या दाखल्याची कहाणी याच काळातली. अर्ज १४ नोव्हेंबरला दिला होता, पण २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, सगळे निवडणुकीच्या कामात. पाहणी २ जानेवारीला झाली. आलेले अधिकारी शांत स्वभावाचे होते. मी त्यांच्यासमोर दोन तुकडे ठेवले, एक लिंपलेला तट्टा आणि एक नुसती पेंढी. त्यांनीच स्टोव्हची ज्योत धरली. पेंढी भसकन पेटली. तट्टा काळा पडला, धुमसला आणि विझला. ते म्हणाले, "भिंत ठीक आहे. पण छपरावर तुम्ही हेच घातलंय ना?" त्यांनी नुसत्या पेंढीच्या राखेकडे बोट दाखवलं.

छप्पर तोवर शाकारून झालं होतं. सगळं उतरवून प्रत्येक पेंढी पातळ चिखलात बुडवून, निथळवून, पुन्हा चढवली. चार दिवस त्यात गेले. चिखलामुळे छपराचं वजन वाढलं, म्हणून इंजिनियरना पुन्हा बोलावलं आणि त्यांनी आतून चार आधार वाढवले. शिवाय दोन अग्निशामक नळकांडी, पाण्याची दोन पिंपं, वाळूच्या चार बादल्या, आत वीज नाही, आणि एका वेळी आत सहाच माणसं. दाखला ९ जानेवारीला हातात पडला. छप्पर चढवण्याआधी त्यांना एकदा भेटले असते तर चार दिवस वाचले असते. तुम्ही भेटा.

आगीचीच आणखी एक गोष्ट, आणि ही कृपा करून नीट वाचा. बाहेरच्या लेपाला पाणी लागू नये म्हणून मी जवसाचं तेल लावलं. लाकडी घाण्याचं, विदर्भात चटणीत घालतात तेच. आठ लिटर लागलं. ६ जानेवारीला संध्याकाळी पुसायची फडकी एका घमेल्यात गोळा करून ठेवली आणि चहा प्यायला गेले. परत आले तर घमेल्यातून हलका धूर येत होता. हात लावला तर फडक्यांचा गोळा आतून तापलेला. जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि त्यात उष्णता तयार होते. फडकी ढिगात असली की ती बाहेर जात नाही, वाढत जाते आणि कापड आपोआप पेटू शकतं. पेंढ्याच्या गंजीपासून ते घमेलं दहा फुटांवर होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. जवसाच्या तेलाची फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. ढीग कधीही करू नका.

१३ जानेवारीला, भोगीच्या दिवशी, कणगी लोकांसाठी उघडली. भाषण नाही, फीत नाही. मामीने बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी करून आणली होती, पळसाच्या पत्रावळींवर सगळ्यांनी खाल्ली. दार मुद्दाम साडेतीन फुटांचं ठेवलं होतं, वाकूनच आत जावं लागायचं. आत अंधार, वरच्या फटीतून एक उजेडाची पट्टी, आणि डोक्यावर लोंब्यांचे झुबके: आंबेमोहोर, इंद्रायणी, आणि मामीने जपून ठेवलेली थोडी नाचणी. पहिल्या दिवशी एक आजी आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मी डोकावले. त्या डोळे मिटून भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. "माझ्या माहेरचा वास आहे," एवढंच म्हणाल्या.

यानंतर आलेले पाहुणे माझ्या हिशेबात नव्हते. आठवड्याभरात चिमण्या आणि मुनियांनी दाराजवळच्या लोंब्या साफ केल्या. खारी वरच्या फटीतून यायच्या. फेब्रुवारीत एका रात्री कुंपणाच्या फटीतून गाय शिरली आणि दाराच्या कडेचा, चिखलात न बुडवलेला पेंढ्याचा दोर तिने दोन हात लांब खाऊन टाकला. पहाटे माळीदादांचा फोन आला तेव्हा मला आधी राग आला. मग मामाचं वाक्य आठवलं. ज्याचं अन्न होतं त्याच्याच तोंडात गेलं. तो भाग मी पुन्हा केला नाही, तसाच ठेवला आणि शेजारी पाटीवर लिहिलं: 'हे गाईने खाल्लं आहे.' मुलांना कणगीपेक्षा ती जागा जास्त आवडायची. बांबूत भुंगा, लेपात बुरशी, लोंबीवर चिमणी, दोरावर गाय. अन्नातून शिल्प करायचं तर खाणारे येणार, त्यांची जागा आराखड्यात आधीच धरायला हवी. मी ती नंतर धरली.

होळीच्या रात्री, १३ मार्चला, मी आणि माळीदादा पाण्याच्या पिंपांजवळ बसून राहिलो. शेजारच्या वस्तीतल्या होळीच्या ठिणग्या वाऱ्यावर येत होत्या. काही झालं नाही. पण राखणदारीची अशी एक रात्र लागतेच, तिचं वेळापत्रक आधी करा.

कणगी ५ जूनला, पर्यावरणदिनी, मुलांच्या हातून उतरवायची असं ठरलं होतं. शाळेला पत्र गेलं होतं. पण २०२५चा पाऊस तोवर थांबला नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात धो-धो अवकाळी सुरू झाला, आणि २६ मे रोजी तर मान्सूनच मुंबईत येऊन धडकला, नोंदींमध्ये इतका लवकर कधीच आला नव्हता. आगीसाठी चिखलात बुडवलेलं छप्पर पाणी पिऊन आणखी जड झालं. २२ मे रोजी सकाळी पाहिलं तर एक बाजू वीतभर खाली आली होती. त्याच क्षणी दोरी बांधून प्रवेश बंद केला आणि इंजिनियरना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: कोणीही आत जायचं नाही. चार महिने लोकांना जिथे बसताना पाहिलं, तिथे मी बाहेर छत्री धरून उभी होते. फार वाईट वाटलं, ते लपवत नाही.

पाऊस उघडला तशी २८ तारखेपासून तीन दिवसांत दोन मजुरांनी कणगी उतरवली. मुलं नव्हती. आतल्या बाजूला ओल्या भिंतीवर अळंब्या उगवल्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. बाहेरच्या भिंतीत, तुसात राहून गेलेले भरीव दाणे रुजून हिरवे कोंब बाहेर आले होते. लेपाची ढेकळं बागेतल्या खतखड्यात गेली. धड काठ्या माळीदादांनी दोडक्याच्या मांडवाला घेतल्या. जोत्याचे दगड तिथेच बसायला ठेवले. पोत्यात भरून बाहेर टाकावं असं काही उरलं नाही, पाटीचा पत्रा सोडून. तोही मी घरी आणला.

हिशेब. एकूण ६७,५५० रुपये खर्च झाला. त्यातले बांबू, कडबा, तूस, चुना, चिंचोके आणि तेल मिळून १२ हजारांच्या आत. इंजिनियर, स्टॅम्प, नोटरी, विमा आणि अग्निशामक यांचे साडेतेरा हजार. म्हणजे कागद साहित्यापेक्षा महाग पडले. मजुरीचे २३,४०० आणि टेंपोच्या दोन फेऱ्यांचे ९ हजार. उरलेले जोतं आणि पाट्या यांचे. ट्रस्टच्या पन्नास हजारांवर दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला गेला, हातात ४५ हजार आले. आपल्याला तेवढा कर लागत नसेल तर कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते, त्यासाठी कर कापल्याचा दाखला मागून घ्या (तेव्हा तो फॉर्म १६ए होता). माझी चूक अशी की सगळ्या रकमेचं एकच बिल दिलं, म्हणून साहित्याच्या पैशांवरही कर कापला गेला. मानधन आणि साहित्याचा खर्च, दोन बिलं वेगळी करा, आणि साहित्याच्या मूळ पावत्या जोडा. बुरूड काकांकडे पावती नसते, त्यांच्याकडून रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही घेतली तर चालते. अनामत ८ ऑगस्टला परत आली. जागा पूर्ववत झाल्याचे फोटो तारखेसह पाठवले होते, म्हणून प्रश्न निघाला नाही.

भिंतीतले ते कोंब मी टाकले नव्हते. ढेकळांसकट नळाजवळच्या ओल्या कोपऱ्यात लावले होते, तीन फूट बाय दोन फूट. माळीदादांनी जूनभर चिमण्यांपासून जपले. ऑक्टोबरच्या शेवटी कापले, झोडपले, पाखडले. पसाभर भात निघाला. मामाला दाखवला, पुढच्या वर्षी पेरायला द्यावा म्हणून. त्याने तळहातावर घेऊन बोटाने चाळवला आणि म्हणाला, "हे मिसळीचं आहे. लांब दाणा आहे, आखूड आहे. बियाला नको. खाऊन टाक."

त्याची पेज केली, वर मीठ आणि तुपाचा थेंब. बुरूड काका, मामी, माळीदादा आणि मी. प्रत्येकाला दोन-दोन घोट आले.